भाईजानच्या जागेवर बसलेली बॅटरी

आमच्या ऑटोला शहरात ‘बोलकी गाडी’ म्हणायचे. टपावर दोन भोंगे, पुढं मी, मागं भाईजान. मी गाडी चालवायचो आणि गळ्यात अडकवलेल्या माइकवर मराठीत बोलायचो. मागच्या सीटवर एका बाजूला अ‍ॅम्प्लिफायर आणि दुसऱ्या बाजूला भाईजान, हातात दुसरा माइक, ते दख्खनीत बोलायचे. साड्यांचा सेल, सर्कस, पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस, उद्या नळाला पाणी येणार नाही ही नेहमीची शुभवार्ता. शहराला जे सांगायचं असेल ते आम्ही दोघं मिळून सांगायचो.

माझा आवाज कसा होता म्हणाल, तर क्रांती चौकात मी नुसता खाकरलो तरी सिग्नल घाबरून हिरवा व्हायचा. भाईजानच्या आवाजाची जातच निराळी. तो घशातून यायचाच नाही. मंद जाळावर शिजत ठेवलेल्या हंडीतून वाफ यावी तसा यायचा. शहागंजात त्यांनी “सुनो भई सुनो” म्हटलं की तराजूची पारडी हवेत थांबायची. एकदा हरवलेल्या म्हशीची हाळी त्यांनी अशी काही दिली, की म्हैस स्वतः चालत गाडीमागं येऊन उभी राहिली. मालक आला, त्यानं बघितलं, म्हणाला, ही माझी नाहीच. तरी ती जाईना. शेवटी ज्यांची ती होती त्यांना शोधायला आम्हाला आणखी एक फेरी फुकट मारावी लागली.

भाईजान माझं भाषांतर कधी करत नसत. ते मला उत्तर द्यायचे. मी म्हणायचो, “माताभगिनींनो, साड्यांवर मोठी सूट, आजच या!” लगेच मागून यायचं, “और भाइयों, तुम घरकूच बैठो! पैसे तुमारेच जाने वाले हैं!” गल्लीत हशा पिकायचा. बायका दारात यायच्या, नवरे खिडकीतून डोकवायचे, आणि दुकानदाराचं काम होऊन जायचं. लोकांना वाटायचं आम्ही हे घरी बसून ठरवतो. ठरवलेलं काहीच नसायचं. त्यांना मी काय बोलणार ते माझ्या मानेवरून कळायचं.

ते माझ्याहून थोडे मोठे, म्हणून मी भाईजान म्हणायचो. ते मला ‘छोटे’ म्हणायचे. माझं पोट हँडलला लागायचं तरी छोटेच.

हा माणूस आता माझ्या गाडीत नाही. भांडण नाही, दुखणं नाही, अल्लाच्या कृपेनं सुखरूप आहे. त्याच्या जागेवर एक बॅटरी बसली, एवढंच झालं. ती कशी बसली ते सांगतो. मी थापाड्या माणूस आहे हे गावाला माहीत आहे, पण या गोष्टीत थाप घालायला फारशी जागा उरलेली नाही. जागा सगळी त्या बॅटरीनंच खाल्ली.

गाडी मूळची पेट्रोलची. बाकीच्यांसारखं आम्हीही तिला बॅटरीचं किट बसवलं, आणि लिथियमचा डबा भाईजानच्या सीटखाली गेला. गुणाचा होता. अंगानं लहान, वजनानं हलका. एकदा चार्ज केला की लांबच्या देवगाव रंगारीच्या बाजाराला जायचा, तिथं दिवसभर आम्हाला बोंबलू द्यायचा आणि परत घरी आणून सोडायचा. त्याची एकच खोड. मीटरवरच्या रेघा सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरलेल्या दाखवायचा, आणि शेवटच्या घटकेला एकदम सगळ्या रेघा खाली. लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत हसत वाढणारा माणूस असतो ना, आणि मग पातेलंच रिकामं निघतं, तसा. पण आम्हाला त्याची सवय झाली होती. किती चाललो की घरी वळायचं, हे आम्हाला मीटरवरून नाही, अंगातून कळायचं.

मग तो उन्हाळा आला. आमचं काम म्हणजे भर उन्हात गोगलगाईच्या चालीनं फिरणं. वरून सूर्य, खालून डांबर, मधे भाईजान. एका दुपारी ते मागून माइक बंद करून म्हणाले, “छोटे, मेरेकू नीचे से ऐसा लग रा जैसे मैं अंडे पे बैठा हूँ.”

“बसा बसा,” मी म्हटलं, “पिल्लू निघालं तर निम्मं माझं.”

“मजाक नक्को कर. गाडी रोक.”

सीट उचलून पाहिलं तर डब्याचं झाकण टम्म पुरीसारखं फुगलेलं. आम्ही दोघंही मागं सरकत सरकत रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीपर्यंत पोहोचलो. रसवंतीवाल्यानं काही न विचारता दोन ग्लास भरले. त्याला वाटलं आम्ही उसाच्या ओढीनं आलो.

लिथियमची मी उगाच बदनामी करणार नाही. आमचा डबा स्वस्तातला होता, आणि आम्ही त्याला पत्र्याच्या शेडखाली तापत ठेवायचो. चांगल्या जातीचं लिथियम, नीट सावलीत ठेवलेलं, वर्षानुवर्षं चालतं, आमच्याच स्टँडवर चालताना बघतो. पण फुगलेल्या डब्यावर बसलेला माणूस हे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतो.

क्रांती चौकापासून थोडं आत बॅटऱ्यांचं एक दुकान आहे. तिथं दुकानदारानं आमच्यासमोर दोन डबे ठेवले. एक लिथियम, एक सोडियम. लिथियमचा मी एका हातानं उचलला. (बरं, दोन हातांनी.) सोडियमचा उचलायला गेलो तर तो जागचा हलेना. तेवढ्याच ताकदीचा, पण अंगानं दीडपट आणि वजनाला तर पोराकडच्या पाहुण्यासारखा जड.

“हे सोडियम म्हणजे काय?” मी विचारलं.

“आपल्या मिठात असतं ते,” दुकानदार म्हणाला. “नवीन आलंय. उन्हाला दाद देत नाही. पार रिकामी झाली तरी मरत नाही. सहसा पेट घेत नाही. फक्त जरा जाड आहे.”

मी म्हटलं, “भाईजान, लिथियमच घेऊ. हलकं आहे, लांब जातं.”

भाईजान दोन्ही डब्यांकडं आळीपाळीनं बघत होते. म्हणाले, “तू कहाँ बैठता?”

“पुढं.”

“और मैं?”

मी मागच्या सीटकडं बोट केलं.

“जो ऊपर बैठता, वो पसंद करेगा,” असं म्हणून त्यांनी सोडियमच्या डब्यावर थाप मारली. विषय संपला. आज आठवलं की आधी हसू येतं. जीव वाचावा म्हणून त्यांनी जी बॅटरी निवडली, तिनंच त्यांना सीटवरून उठवलं.

डबा सीटखाली मावेना म्हणून खालची पट्टी कापून सीट वर घेतली. भाईजान इतके उंच बसायला लागले की त्यांची टोपी टपाला घासायची. शहागंजातून हत्तीवरून जाणाऱ्या नबाबासारखे दोन्ही बाजूंना सलाम करत जायचे. जुना चार्जर लावून पाहिला, पिन चपखल बसली. मीटर जुनंच, गाडीला करंट कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे ठरवणारा कंट्रोलरही जुनाच. सगळं बसलं म्हणून आम्ही खूश, नवा चार्जर विकत घ्यावा लागला नाही म्हणून आणखी खूश. दुकानदाराच्याही हाताखालून सोडियमचा तो पहिलाच डबा चाललेला. त्यालाही वाटलं, पिन बसली म्हणजे झालं.

सोडियमचा स्वभाव लिथियमच्या उलटा. पहिल्याच दिवशी सकाळपासून मीटरवरच्या रेघा एकेक करून उतरायला लागल्या. लिथियम जितकं हसतमुख, तितकं हे किरकिरं. घरातून निघालो की एक रेघ गेली, शहागंजात दुसरी. जेवणाच्या वेळेला एकच उरली, ती पण लुकलुकती. आम्ही अर्धं काम टाकून घरी वळलो. दुसऱ्या दिवशी तेच. देवगावच्या बाजाराला जायची वेळ आली तेव्हा मी भाईजानना म्हटलं, मीटरकडं बघायचं नाही, अल्लाचं, विठ्ठलाचं, ज्याचं जमेल त्याचं नाव घेऊन जायचं.

गेलो. बोललोही झकास. परतीला, ना गावात ना शिवारात अशा जागी, गाडी एकदम थांबली.

एक मेंढपाळ कळप घेऊन चालला होता. खांद्यावर काठी, डोक्याला लाल पागोटं. थांबला, गाडीभोवती एक चक्कर मारून बघितलं.

“काय झालं वं पावणं?”

“बॅटरी उतरली,” मी म्हटलं.

“ऑटोला बॅटरी असती व्हय?”

“असती. मिठाची हाय.”

“मिठाची?” त्यानं मागं वळून कळपाकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. “मंग जरा हळू बोला की. मेंढरायला ऐकू गेलं तर तुमी आन गाडी दोन्ही चाटून पुसून ठिवतील.”

मी आईची शपथ घेऊन सांगतो, कळपाला ते ऐकू गेलं. सगळी मेंढरं गाडीभोवती जमली. एक मेंढा मागचं चाक चाटत होता, दुसरा भाईजानचा बूट. भाईजाननी सीटवरूनच माइक तोंडाशी धरला, “सुनो भई सुनो! नमक मुफ्त नै है! पहले लाइन लगाओ!” मेंढपाळ हसून हसून खाली बसला. त्यानं आम्हाला भाकरी दिली, सोबत ठेचा. तो ठेचा असा होता की त्यावर गाडी घरापर्यंत गेली असती.

आणि खरंच, भाकरी खाऊन बटण दाबलं तर गाडी चालू! आम्ही टाटा करून निघालो. थोडं गेलो की परत बंद. जरा थांबलो की परत चालू. आम्ही पुढं जायचो, बंद पडायचो, मागून कळप येऊन आमच्या पुढं निघून जायचा, मेंढपाळ दरवेळी हात करायचा. “या सावकाश!” शेवटी शेवटी तर मेंढरंही आमच्याकडं बघायची बंद झाली.

“बैठी तो दम भरती, चली तो हाँपती,” भाईजान म्हणाले. “ये बॅटरी नै है छोटे, मेरे घुटने हैं.”

आम्ही हसलो. आता वाटतं, हसायच्या ऐवजी तिथंच थोडा विचार केला असता तर. पोट रिकामं असलेला गडी विश्रांतीनं उठून चालायला लागत नाही. जे थांबून परत चालतं, त्याच्यात अजून शिल्लक असतं. बॅटरी बिचारी रस्त्यात उठून-बसून हेच दाखवत होती. पण आम्ही दोघं शहराला सांगणारे, आम्हाला ऐकायची सवय कुठली?

एका डब्यानं भागत नाही, हे आम्ही ठरवून टाकलं. लिथियमचा भाव विचारला, तो खिशाला झेपेना. उपाय एकच, तसलाच दुसरा डबा जोडायचा. ठेवायचा कुठं? टपावर ठेवला तर वळणावर गाडी लोळण घेणार, वर आधीच दोन भोंगे. पुढं ठेवायला माझं पोट. उरली मागची सीट. अर्ध्या सीटवर अ‍ॅम्प्लिफायर होताच, दुसऱ्या अर्ध्यावर डबा ठेवून बघितला. झक्क बसला. भाईजाननी दोन्हींच्या मधे शिरायचा प्रयत्न केला. त्यांचा एक पाय आत, एक पाय रस्त्यावर आणि मागची चाकं पार मडगार्डला टेकलेली.

मेकॅनिक म्हणाला, “दोन डबे, एक मशीन, दोन माणसं, एवढं नाही ओढणार. काहीतरी एक उतरवा.”

आम्ही तिघंही गाडीकडं बघत उभे राहिलो. परवाना माझ्या नावावर, हँडल माझ्या हातात. भाईजाननी आयुष्यात सायकलही चालवलेली नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनी बाहेरचा पाय बाहेरच ठेवला आणि आतलाही काढून घेतला.

“मशीन उतारते तो बोलना बंद,” ते म्हणाले, “डिब्बा उतारते तो चलना बंद. तू उतरता तो गाडीच बंद. अब बचा कौन? बता तूच.”

“काही दिवसांसाठी,” मी म्हटलं. “काहीतरी निघेल मार्ग.”

“हौ, हौ. कुछ दिन.”

मग त्यांचा आवाज पेनड्राइव्हमध्ये भरायचं ठरलं. आजकाल सगळ्यांच्याच गाड्यांवर भरलेलेच आवाज फिरतात, बोलणारा माणूस कुठल्या तरी गार खोलीत एकदा बोलून घरी गेलेला असतो. आम्ही अशा गाड्यांची आजवर टिंगल करत आलो होतो. भाईजानच्या घरी बसलो, पंखा बंद केला, भाभींनी भांडी घासायचं थांबवलं, मी मोबाइल धरला. भाईजान बोलायला लागले आणि थांबले. परत लागले, परत थांबले. ज्या माणसासाठी पारडी थांबायची, त्याला शब्द सुचेना.

“क्या हुआ?” भाभींनी आतून विचारलं.

“किसकू जवाब देऊँ?” ते वैतागून म्हणाले. “सामने से कोई कुछ बोलताच नै.”

तेव्हा मग मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून माझी वाक्यं बोलायला लागलो. माताभगिनींनो. ऐका हो ऐका. आजच या. ते माझ्या तोंडाकडं बघून उत्तरं देत गेले. एकापेक्षा एक उत्तरं. भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला आवाज काढायची बंदी, नाहीतर मीही हसलो असतो. घामानं डोळे चुरचुरत होते, असं मी तेव्हा सांगितलं.

ते भरलेले तुकडे घेऊन मी एकटाच फिरायला लागलो. माझं वाक्य झालं की बटण दाबायचं, मागून भाईजान. पण बटणाला मान दिसत नाही. रक्तदान शिबिराची जाहिरात करताना मी म्हटलं, “बंधूंनो, मोठ्या संख्येनं या,” आणि मागून खणखणीत आवाज आला, “भाइयों, तुम घरकूच बैठो!” डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. सर्कशीच्या वेळी “पैसे वापस नै मिलेंगे” हा तुकडा असा काही अडकला की टाउन हॉलच्या पूर्ण रस्त्यानं तेवढंच वाजत गेलं. लोक आधी हसायचे. मग हसायचे बंद झाले. मग आमची गाडी आणि बाकीच्या गाड्या यांत फरक उरला नाही, आणि हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

भाईजान शहागंजात जावयाच्या चपलांच्या दुकानात बसायला लागले. सुरुवातीला मी रोज दुकानासमोर गाडी थांबवायचो. ते बाहेर यायचे, सीटवरच्या डब्याला थापटून म्हणायचे, “क्या बेगम, आराम है?” नंतर गिऱ्हाईक असायचं, किंवा मला घाई असायची. काही दिवसांचे काही महिने झाले, आणि मार्ग आपोआप निघेल म्हणून आम्ही दोघंही थांबून राहिलो.

मार्ग निघाला, पण तो असा. कंट्रोलरमध्ये मुंग्यांनी वारूळ केलं आणि तो जळाला. मुंग्या मिठाच्या मागं कशा लागल्या, साखरेच्या सोडून, हे मला विचारू नका. मेकॅनिकनं दोन्ही डबे बाहेर काढले, नवा कंट्रोलर आणि सोबत नवं मीटर लावलं आणि सहज विचारलं, “सोडियम ना? मग सेटिंग सोडियमची करू ना?”

“म्हणजे आधी कशाची होती?”

“लिथियमची. चार्जर पण लिथियमचाच दिसतोय तुमचा.”

त्यानं जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. लिथियमची सवय झालेला चार्जर सोडियमला पोटभर वाढायचाच नाही, लिथियमचं पोट भरेल तेवढ्यावर ताट ओढून घ्यायचा. आणि लिथियमची सवय झालेला कंट्रोलर, सोडियम अजून जेवण पचवतंय तोवरच, आता हे उपाशी मेलं म्हणून करंट तोडून टाकायचा. लिथियमचा दाब, म्हणजे व्होल्टेज, शेवटपर्यंत टिकतो आणि मग कोसळतो. सोडियमचा पहिल्यापासून हळूहळू उतरत जातो आणि खूप खालपर्यंत काम देत राहतो. उतरला म्हणजे संपला नाही. आम्ही एकाच्या मापानं दुसऱ्याला मोजत होतो. वरून अर्धपोटी ठेवलं, खालून ताटावरून उठवलं, आणि वर म्हणालो हिच्यात दम नाही.

त्यानं सोडियमचा चार्जर दिला. दुसरा डबा अजून बाहेरच होता, गाडीत ठेवून जोडायचा होता. मी म्हटलं, राहू दे, उद्या एकावरच बघतो.

दुसऱ्या दिवशी एका डब्यावर मी देवगाव रंगारीला गेलो. बाजारभर बोललो, दोन्ही भोंगे फुल्ल. परत निघालो. जिथं मेंढरं जमली होती ती जागा आली, मी गाडी मुद्दाम हळू केली. ती थांबायचं नाव घेईना. घरी पोहोचलो तरी नव्या मीटरवर रेघ शिल्लक. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी गाडी बंद करून तसाच बसून राहिलो. मागं वळून बघितलं तर अर्धी सीट रिकामी. ती रिकामी करायची गरजच कधी नव्हती. भाईजान पहिल्या दिवसापासून तिथंच बसू शकले असते.

दोन दिवस मी शहागंजाच्या रस्त्याला गेलो नाही. दुसरीकडून वळसा घालायचो. असली बातमी भोंग्यावर सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “तुमच्या तोंडाला काय झालंय? घरात एवढी शांतता बरी नाही वाटत.” मग गेलो.

भाईजान दुकानात एका बाईला लहान मुलाची चप्पल दाखवत होते. बाई जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग सगळं सांगितलं. चार्जर, कंट्रोलर, रेघा. ते हातातल्या चपलेचा बंद लावत ऐकत होते. ऐकून झाल्यावर बंद परत सोडला.

“मतलब,” ते म्हणाले, “मैं फुकट में उतरा?”

“व्हय.”

“एकीच डिब्बा काफी था?”

“व्हय, भाईजान.”

ते इतके मोठ्यानं हसले की जावई वरच्या माळ्यावरून वाकून बघायला लागला. “सुन्या क्या रे! नमक ने नै मारा, चार्जर ने मारा!” मीही हसलो. हसणं थांबलं तेव्हा दोघांनाही दुसरीकडं बघायला काहीतरी हवं होतं, आणि दुकानात चपलांशिवाय काही नव्हतं.

“उद्या सकाळी येतो घ्यायला,” मी म्हटलं. “सीट रिकामी आहे. गादी पातळ करून घेतली, टोपी नाही घासणार.”

त्यांनी चप्पल खाली ठेवली. उठून दुकानाच्या पायरीवर आले, छाती भरून घेतली आणि हाळी दिली, “सुनो भई सुनो!” समोरच्या फळवाल्यानं वजन करता करता मान वर केली नाही. आवाज निम्म्या रस्त्यातच फाटला आणि त्यांना खोकला आला. रोज आठ-आठ तास चालणारी वस्तू बंद करून ठेवली की तिचं काय होतं, हे मला बॅटरीवाल्यांनी सांगायची गरज नव्हती. मी पाणी दिलं.

“चार दिवसांत येईल परत,” मी म्हटलं. “गरम पाणी, ज्येष्ठमध...”

“छोटे,” ते म्हणाले, “दोपहर कू मैं घर जाता अब. तेरी भाभी रस्ता देखती. तीस बरस उसने अकेलेच खाना खाई, मैं किधर म्हैस ढूँढते फिरता था.” रिकामा ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाले, “अब नक्को.”

मी आग्रह केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन केला. माझ्यासारख्या माणसाला आग्रह करायला लाज नाही. मी जगाला फसवून सर्कशीत बसवलंय. भाईजान दर वेळी हसून “नक्को” म्हणाले आणि चहा मागवला. मार्ग एका महिन्यात निघाला असता तर ते धावत आले असते, हे ते कधी बोलले नाहीत. मला कळत होतं.

दुसरा डबा मी विकून टाकला. एका भाजीवाल्यानं घेतला, त्याला मी चार्जर दोनदा तपासून दिला. गाडी आता हलकी पळते, उन्हात तापत नाही, देवगावहून येताना रेघा उरतात. मिठाच्या बॅटरीला नाव ठेवायला माझ्याकडं एक शब्द नाही. अर्धी सीट रिकामी असते. कधी कुणी चढायला बघतं तर मी भाडं घेऊन नेतोही, सीट वाया घालवण्याइतका मी साधा नाही.

भाईजानचा आवाज अजून पेनड्राइव्हमध्ये आहे, तरणा, खणखणीत, शेवटचा चांगला दिवस असल्यासारखा. सगळ्या शहरात मी तो वाजवतो. फक्त शहागंज आलं की बंद करतो. दुकानात चप्पल दाखवता दाखवता त्यांना तो ऐकू जाईल, आणि ते मान वर करतील की नाही, हे मला बघायचं नाहीये. परवा एका कापडवाल्यानं मला झापलं. म्हणाला, “इथंच तर उर्दू-दख्खनीवालं गिऱ्हाईक सगळं, अन इथंच तू नुसतं मराठी बोलतोस? पैसे कशाचे देऊ?” मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तो म्हणाला, दुरुस्त करून घे.

मी बरं म्हटलं, आणि चौकातून एकट्यानं बोलत निघालो.